निकष सांगा, मग छाननी करा

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलाला निदान एवढं ठाऊक असतं की आपल्याला कशावर जोखलं जाणार आहे. जाहिरातीत पात्रता आणि वयोमर्यादा छापलेली असते, अभ्यासक्रम आयोगाच्या संकेतस्थळावर असतो. पूर्वपरीक्षा झाली की पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती मागवतात, मग अंतिम उत्तरतालिका लागते. त्या परीक्षेबद्दल तक्रारी थोड्या नाहीत. जाहिराती रखडतात, निकाल लांबतात, मुलांची वयं उलटून जातात. त्यासाठी मुलं रस्त्यावर बसली आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण मागे पडलेल्याला आपण किती गुणांनी मागे पडलो ते कळतं. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहायला मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या प्रकरणात सांगितलं.

तिथून हिंजवडी वीसेक किलोमीटर. तिथल्या एखाद्या कंपनीच्या पोर्टलवर अर्ज टाकणाऱ्या मुलीला यातलं काहीही मिळत नाही. ‘आपला अर्ज मिळाला’ असा मेल येतो. मग कधी दहा मिनिटांत, कधी दोन महिन्यांनी ‘आम्ही इतर उमेदवारांचा विचार करायचं ठरवलं आहे’ असा दुसरा मेल येतो, आणि पुष्कळदा तोही येत नाही. आपला रेझ्युमे कुणी वाचला का, वाचला असेल तर काय खटकलं, आणि वाचलाच नसेल तर कशामुळे मागे पडला, हे तिला कुणी सांगत नाही आणि विचारायला जागाही नाही. पुढच्या कंपनीत ती तोच रेझ्युमे, तशीच चाचपडत टाकते.

मी बरीच वर्षं भरतीच्या कामात काढली, आधी एका कन्सल्टन्सीत आणि मग कंपनीत. आता कोथरूडला शनिवारी मुलांचे रेझ्युमे पाहून देते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. संगणकाने छाननी करायला हरकत नाही. पण ज्या अटींवर छाननी होते त्या अर्ज करणाऱ्याला आधी कळल्या पाहिजेत, आणि नाकारलं तर कोणत्या अटीवर नाकारलं ते नंतर कळलं पाहिजे. आज त्या अटी झाकून ठेवल्या जातात, आणि त्या ओळखण्याचा सगळा भार बावीस-तेवीस वर्षांच्या पोरांवर टाकला जातो. ‘एटीएस’ म्हणजे कंपन्यांचं अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर, आणि ‘एटीएस फ्रेंडली’ रेझ्युमे करून देण्याचा जो धंदा डेक्कनपासून वाकडपर्यंत पसरला आहे, तो या झाकाझाकीवरच उभा आहे.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते नीट पाहू, कारण त्याच्याबद्दल भीती फार आणि माहिती थोडी आहे. रेझ्युमे अपलोड झाला की त्यातला मजकूर उपसून कप्प्यांत टाकला जातो: नाव, फोन, शिक्षण, कंपनी, कधीपासून कधीपर्यंत, कौशल्यं. याला पार्सिंग म्हणतात. अर्जासोबत काही प्रश्न असतात: नोटीस पिरियड (नोकरी सोडताना द्यावी लागणारी मुदत) किती, सध्याचा सीटीसी (वर्षाचा एकूण पगार) किती, पुण्यात येऊन काम कराल का, अमुक वर्षांचा अनुभव आहे का. यातल्या काही उत्तरांवर अर्ज आपोआप बाद करायची सोय असते, आणि ती कंपनीतल्याच कुणीतरी बसवलेली असते. त्यानंतर येतो तो शोध. रिक्रूटर शब्द टाकते, सॉफ्टवेअर यादी लावून देतं, ती वरून खाली पाहत जाते. नोकरी डॉट कॉमच्या रेझडेक्सवर, म्हणजे रिक्रूटरसाठीच्या रेझ्युमेंच्या साठ्यावर, ज्यांनी काम केलंय त्यांना हे पाठ आहे. जावा, स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस. अनुभव ३ ते ५. लोकेशन पुणे. नोटीस १५ दिवसांच्या आत. गेल्या आठवड्यात लॉगिन केलेले. एवढं भरलं की हजारो प्रोफाइल्सची शे-दीडशे होतात. त्यातली पहिली चाळीस-पन्नास पाहीपर्यंत दुपार होते आणि क्लायंटला संध्याकाळी पाच नावं हवी असतात. उरलेल्यांना कुणी नाकारलेलं नसतं, त्यांच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. ‘प्रोफाइल रोज थोडं तरी अपडेट करत जा’ हा जो सल्ला मुलं एकमेकांना देतात तो यातूनच आला आहे आणि तो खरा आहे. कामाच्या लायकीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

म्हणून ‘यंत्र ७५ टक्के रेझ्युमे माणसाने पाहण्याआधीच फेकून देतं’ असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही. त्या आकड्यामागे धड अभ्यास दाखवता येत नाही. रेझ्युमे सुधारून देणाऱ्यांच्या जाहिरातींत मात्र तो वर्षानुवर्षं फिरतो आहे. खरा अभ्यास वेगळंच सांगतो आणि ते जास्त गंभीर आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांच्या वरिष्ठांना विचारून एक अहवाल काढला. कामाच्या वर्णनातल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून चांगले कुशल उमेदवार आपल्याच प्रक्रियेत गळतात, हे त्यातल्या ८८ टक्क्यांनी मान्य केलं. यंत्र बसवणाऱ्यांनाच ठाऊक आहे की त्यात चांगली माणसं गळतात. तरी अटी बदलत नाहीत, कारण गळलेला माणूस तक्रार करायला येऊ शकत नाही. आपण गळलो हेच त्याला कळलेलं नसतं.

भोर तालुक्यातला एक मुलगा माझ्याकडे आला होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग भोसरीतल्या एका व्हेंडरकडे टूलरूममध्ये तीन वर्षं. चाकणच्या कंपन्यांत अर्ज करून करून कंटाळलेला. त्याचा रेझ्युमे दिसायला सुरेख होता. इंटरनेटवरून उतरवलेलं दोन रकान्यांचं टेम्प्लेट, डावीकडे निळी पट्टी, त्यात फोटो आणि कौशल्यं, प्रत्येक कौशल्यापुढे पाच गोल, त्यातले चार भरलेले. मी त्याला म्हटलं, वर्डची फाईल उघड, सगळं सिलेक्ट कर, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर. त्याने केलं, आणि बघतच राहिला. फोन नंबर आणि ईमेल हेडरमध्ये टाकले होते, ते आलेच नव्हते. कौशल्यं टेक्स्ट बॉक्समध्ये होती, तीही गेली, गोलांसकट. अनुभव टेबलमध्ये होता. त्यातल्या तारखा वेगळ्या पडल्या आणि कंपनीचं नाव भलत्याच ओळीला चिकटलं. सगळीच सॉफ्टवेअर्स इतकं वाईट वाचत नाहीत, काही बरीच सुधारली आहेत. पण समोर कोणतं आहे हे अर्ज करणाऱ्याला कुठे माहीत असतं?

हा भाग तासाभरात सुधारता येतो. पुढचा भाग मला जास्त सतावतो. अनुभवाच्या खाली त्याने एकच ओळ लिहिली होती: टूलरूममध्ये काम केलं. मी विचारलं, म्हणजे नक्की काय केलंस? मग तो बोलायला लागला. एका कास्टिंगवर आठ भोकं पाडायची होती आणि ऑपरेटरला जॉब, म्हणजे ते कास्टिंग, दोनदा फिरवावा लागायचा. याने जिग (जॉब पकडून ठेवणारं साधन) असा बदलला की एकाच सेटिंगमध्ये सगळी भोकं होतील. ड्रॉइंग वाचून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुठे घट्ट आणि कुठे सैल चालेल ते तो ठरवायचा. पहिला पीस स्वतः तपासायचा. ग्राहकाकडून ऑडिटला माणसं आली की पीपीएपीची (नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची) कागदपत्रं त्यानेच लावलेली असायची. मी म्हटलं, अरे, हे कुठे लिहिलंयस? तो म्हणाला, “मॅडम, ते तर रोजचंच काम आहे. ते काय लिहायचं?”

ज्या जागेसाठी तो अर्ज करत होता तिच्या जेडीत, म्हणजे कामाच्या वर्णनात, फिक्श्चर डिझाइन (जॉब पकडणारी साधनं आखणं), जीडी अँड टी (ड्रॉइंगवर टॉलरन्स दाखवायची पद्धत) आणि पीपीएपी हे तीन शब्द ठळक होते. तिन्ही गोष्टी तो रोज करत होता, आणि कागदावर एकही नव्हती.

यंत्राच्या छाननीत कोण गळतं याचं उत्तर इथे आहे. काम येत नाही तो गळतोच असं नाही. कामाला कंपनीच्या भाषेत काय म्हणतात हे ज्याच्या कानावर कधी पडलेलं नाही, तो हमखास गळतो. ज्याचे वडील किंवा मावशी कंपनीत आहेत त्या मुलाच्या घरी जेवताना ‘डिलिव्हरेबल’ आणि ‘स्टेकहोल्डर’ हे शब्द ऐकू येतात. मराठी माध्यमातून आलेल्या, पहिल्यांदाच घराबाहेर पडून कारखान्यात लागलेल्या मुलाला आपण केलेल्या कामाबद्दल ‘मी केलं’ असं म्हणायचाही संकोच वाटतो. तो ‘आम्ही करायचो’ म्हणतो. यात त्याचा दोष कसला? आणि ओळख असलेल्यांना तर ही छाननी लागतच नाही. मगरपट्ट्यात नाहीतर खराडीतल्या एखाद्या कंपनीत कुणी नात्याचं असेल तर रेफरल पडतो आणि रेझ्युमे थेट माणसाच्या हातात जातो. रांगेत उभे राहतात ते ज्यांचं आत कुणी नाही तेच.

नावाचंही असंच. आपल्या बोर्डाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. मुलं तसंच लिहितात, कारण शाळेपासून तशीच सवय. परदेशी सॉफ्टवेअर पहिल्या शब्दाला नाव आणि शेवटच्या शब्दाला आडनाव समजतं. मग ‘डिअर जगताप’ असा मेल येतो आणि आडनावाच्या कप्प्यात वडिलांचं नाव बसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईची गुणपत्रिका एका नावाची, अनुभवाचं पत्र दुसऱ्या नावाचं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये हे सगळं उकरून निघतं आणि स्पष्टीकरणं तिलाच देत बसावी लागतात.

आता त्या धंद्याबद्दल. रेझ्युमे अपलोड करा, तुमचा एटीएस स्कोअर पाहा, असं सांगणाऱ्या कितीतरी साइट्स आहेत. मुलं तो आकडा घेऊन माझ्याकडे येतात, चेहरे पडलेले असतात. त्यांना मी एकच गोष्ट समजावते: सगळ्या कंपन्यांना लागू होईल असा एटीएस स्कोअर नावाचा प्रकारच अस्तित्वात नाही. प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं, त्यात भरलेल्या अटी वेगळ्या, आणि त्याच कंपनीत दोन जागांच्या अटीही वेगळ्या. त्या साइटला यातलं काहीही माहीत नसतं. ती आपल्या मनाने आकडा काढते, तो कमी दाखवते आणि वाढवून द्यायचे पैसे घेते. नोकरी नसलेल्या पोराच्या खिशातून काढलेले हे पैसे आहेत, आणि मला याचा मनापासून संताप येतो.

यापुढची पायरी आणखी वाईट. पांढऱ्या अक्षरांत जेडीतले सगळे शब्द रेझ्युमेच्या तळाशी दडवून ठेवा, असं काही क्लासमध्ये शिकवतात. मजकूर उपसला की अक्षरांचा रंग उरत नाही. तो सगळा शब्दांचा ढीग रिक्रूटरच्या पडद्यावर जसाच्या तसा उमटतो आणि तो उमेदवार कायमचा बाद होतो. त्याच्याही पलीकडे खोटा अनुभव विकणारे आहेत. दोन वर्षांचं अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, सगळं मिळतं. तीन वर्षांचा अनुभव नसेल तर यंत्र दारातच अडवतं, मग मुलगा तीन वर्षं विकत घेतो. पुढे व्हेरिफिकेशनमध्ये पकडला गेला की नोकरी जाते आणि नावाला डाग लागतो तो वेगळाच. फसवणूक ती फसवणूकच, तिची मी बाजू घेणार नाही. पण फ्रेशरच्या कामाला तीन वर्षांचा अनुभव मागणारी अट कुणी लिहिली, हेही विचारलं पाहिजे.

कॉलेजांच्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागांनी इथे मुलांना सावरायला हवं होतं. त्याऐवजी बऱ्याच ठिकाणी शेवटच्या वर्षाला एक दिवसाचं शिबिर होतं, सगळ्यांना एकच टेम्प्लेट वाटलं जातं, आणि दोनशे मुलांच्या रेझ्युमेत ‘हार्डवर्किंग’ आणि ‘टीम प्लेअर’ हे शब्द त्याच क्रमाने येतात. चॅटजीपीटी आल्यापासून तर मुलं जेडी चिकटवतात आणि ‘याला जुळणारा रेझ्युमे लिही’ म्हणतात. तो लिहितो, गुळगुळीत लिहितो. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला कळतं की यातलं काही या मुलाने केलेलं नाही. आणि दुसऱ्या बाजूला कंपन्याही आता तसलीच मॉडेलं लावून रेझ्युमे वाचून घेऊ लागल्या आहेत. एका यंत्राने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, यात भोरचा मुलगा आणि त्याचा जिग कुठे दिसणार?

तयारी करूच नका असं मी म्हणत नाही. मजकूर साधा, एका रकान्यात ठेवा. फोन आणि ईमेल मुख्य मजकुरात लिहा. झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणलेली फाईल पाठवू नका, ती बऱ्याच यंत्रांना निव्वळ फोटो दिसते. जेडी लक्ष देऊन वाचा आणि तुम्ही खरंच केलेलं काम तिच्या शब्दांत सांगा. वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती यांचा रेझ्युमेत काही उपयोग नाही, ते लग्नाच्या बायोडेटात राहू द्या. शिकवायचंच असेल तर कॉलेजांनी पहिल्या वर्षापासून एक गोष्ट शिकवावी: आपण काय केलं, कशासाठी केलं, त्याने काय बदललं, हे चार वाक्यांत सांगता येणं. ते आलं की बाकीचं तासाभराचं काम आहे.

एवढं करूनही मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो. माझ्याशी वाद घालणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. एका फ्रेशरच्या जागेला इतके अर्ज येतात की ते वाचणं कुणाच्याही आवाक्यातलं नाही, हे खरं. पूर्वी माणसं निवडायची तेव्हा फार न्याय होता असंही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आणि मुस्लीम नावांच्या अर्जांना पुढच्या बोलावण्याची शक्यता कमी निघाली. हा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला, तेव्हा छाननी माणसंच करत होती. त्यामुळे यंत्र काढा आणि जुनं परत आणा, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण यंत्र आलं म्हणून पक्षपात गेला, हेही खरं नाही. अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून रेझ्युमेंना गुण देणारं एक यंत्र तयार करायला घेतलं होतं. आधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे आलेले रेझ्युमे त्याला शिकवले, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. यंत्र त्यातूनच शिकलं. रेझ्युमेत महिलांच्या बुद्धिबळ क्लबसारखा उल्लेख दिसला की ते गुण कमी करू लागलं. कंपनीने ते मोडीत काढलं आणि २०१८ मध्ये रॉयटर्सच्या बातमीमुळे ते जगाला कळलं. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ते कंपनीच्या आत सापडलं. बाहेरून अर्ज करणाऱ्या एकाही बाईला ते सापडू शकलं नसतं.

आपल्याकडे बायकांना अडवणारी अट यापेक्षा साधी आहे: गॅप. हार्वर्डच्या त्याच अहवालात दिसतं की मधल्या कौशल्याच्या जागांसाठी जवळजवळ निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून जास्त खंड असलेल्यांना बाजूला काढतात. खंड का पडला हे यंत्र विचारत नाही. सिंहगड रोडला राहणारी माझी एक मैत्रीण सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. मूल झालं, मग सासूबाईंचं आजारपण. ती परत यायला निघाली तेव्हा नवी टूल्स शिकून, सर्टिफिकेट घेऊन आली होती. मुलाखतीत ती कधी मागे पडली नाही, कारण मुलाखतीपर्यंत जाणंच फार थोड्या वेळा झालं. भरतीत स्त्रियांशी भेदभाव करू नये असं १९७६च्या समान वेतन कायद्यात होतं आणि आता वेतन संहितेतही आहे. तिच्या अर्जावर ‘स्त्री म्हणून नको’ असं कुणी लिहिलेलं नव्हतं. सहा महिन्यांचा एक आकडा एका चौकटीत भरलेला होता, बस. तो आकडा कुणी भरला आणि या कामाला तो का लागतो, हे विचारायचा हक्क मला तिच्यासाठी हवा आहे.

दुसरा आक्षेप असा की अटी सांगितल्या तर सगळे त्याप्रमाणे रेझ्युमे रंगवतील. आज काय होतं आहे? आजही सगळे रंगवतातच, फक्त अंदाजाने, आणि ज्याच्याकडे पैसे किंवा ओळख आहे त्याचा अंदाज बरोबर येतो. अट जर कामाशी खरी निगडित असेल, उदाहरणार्थ अमुक मशीन चालवता येणं, तर ती जाहीर केल्याने काही बिघडत नाही. ती चाचणीत तपासता येते. जी अट जाहीर होताच निरुपयोगी ठरते ती मुळात काम मोजतच नव्हती.

तिसरा आक्षेप खासगी कंपनीच्या स्वातंत्र्याचा. कुणाला घ्यायचं हे कंपनीने ठरवावं, त्यात मी हात घालत नाही. पण जगात इतर ठिकाणी हा स्वातंत्र्यावरचा घाला मानला गेलेला नाही. न्यूयॉर्क शहराचा २०२१चा कायदा जुलै २०२३ पासून अमलात आला: भरतीसाठी असं यंत्र वापरायचं तर त्याची पक्षपाताच्या दृष्टीने त्रयस्थाकडून तपासणी करून सारांश प्रसिद्ध करायचा आणि उमेदवाराला कामकाजाचे किमान दहा दिवस आधी कळवायचं. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्यात नोकरीचे अर्ज चाळणारी यंत्रं ‘जास्त जोखमीची’ म्हणून धरली आहेत. अमेरिकेत वर्कडे या सॉफ्टवेअर कंपनीवर वयावरून भेदभाव केल्याचा दावा चालू आहे. त्याचा निकाल काय लागेल ते लागो, पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यालाही जाब विचारता येतो की नाही, हा प्रश्न तिथे न्यायालयात पोचला आहे. या देशांतल्या कंपन्यांची ऑफिसं आपल्या खराडीत आणि हिंजवडीत आहेत. तिकडच्या उमेदवाराला जे कळवायचं ते इकडच्याला कळवायला काय अडतं?

आणि आपल्या कायद्यातही धागा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. त्यातलं कलम ८ म्हणतं की एखाद्या व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय तिच्या माहितीवरून घेतला जाणार असेल, तर ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री माहिती हाताळणाऱ्याने केली पाहिजे. फोन नंबर गाळणारं, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव बसवणारं, तीन वर्षांचा अनुभव शून्य धरणारं पार्सिंग या कसोटीला उतरतं का? माझ्या मते नाही. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे: यंत्राने माझ्या रेझ्युमेतून काय वाचलं ते मला दाखवा आणि चूक असेल तर दुरुस्त करू द्या. काही पोर्टल्सवर आजही ती सोय असते. ती सगळीकडे असली पाहिजे.

अटी जाहीर करण्याबद्दल तर मला नवं काही मागावंच लागत नाही. पुण्यातल्या कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात कॅम्पससाठी कंपनी येते तेव्हा नोटीस बोर्डवर काय लागतं ते आठवून पाहा. कोणत्या शाखा चालतील, दहावी-बारावी-डिग्रीला थ्रूआउट किती टक्के, लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेले विषय) चालेल का, शिक्षणात खंड किती चालेल, पॅकेज किती, बाँड आहे का, फेऱ्या किती आणि कोणत्या. त्यातल्या काही अटी मला पटत नाहीत. दहावीत घरची अडचण होती म्हणून ५८ टक्के पडलेल्या मुलाला बाविसाव्या वर्षी अडवण्यात काय अर्थ आहे? पण ती अट समोर लिहिलेली असते, म्हणून तिच्यावर भांडता येतं. कॉलेजं भांडतातही, आणि कधीकधी कंपनी ती शिथिल करते. तीच कंपनी त्याच महिन्यात ऑफ कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेर सगळ्यांसाठी, जागा काढते तेव्हा हा कागद नाहीसा होतो. कॅम्पस मिळतो तो मोठ्या कॉलेजांना. ऑफ कॅम्पस उरतो तो जुन्नर, भोर, इंदापूरहून आलेल्यांना, छोट्या कॉलेजांतल्यांना, आयटीआयवाल्यांना, परतणाऱ्या बायकांना.

मराठा चेंबर ही उद्योजकांची संस्था १९३४ पासून या शहरात आहे आणि पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांपासून भोसरीच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत सगळे तिथे एकत्र बसतात. हिंजवडीतल्या कंपन्यांचीही संघटना आहे. त्यांनी मिळून एक पानाचा नमुना ठरवावा आणि प्रत्येक जागेसोबत तो लावावा: ज्या अटींवर अर्ज आपोआप बाद होतो त्या कोणत्या, ज्या असल्या तर बरं त्या कोणत्या, छाननीला यंत्र वापरतो की नाही, आणि एका अटीवर अडलेल्या अर्जांपैकी निदान काही अर्ज माणूस पाहतो की नाही. विद्यापीठाने आणि कॉलेजांनी एवढंच म्हणावं की कॅम्पसला यायचं तर ऑफ कॅम्पस जागांनाही हा कागद लावा. कंपन्यांना पुण्यातली मुलं हवी आहेत, त्यामुळे कॉलेजांच्या शब्दाला इथे वजन आहे.

आणि नकाराच्या मेलमध्ये एक ओळ वाढवायची. ‘या जागेसाठी नोटीस पिरियड ३० दिवसांच्या आत हवा होता, तुमचा ९० आहे.’ किंवा ‘पीपीएपीचा अनुभव आवश्यक होता, तो तुमच्या अर्जात आढळला नाही.’ आपोआप बाद झालेला अर्ज कोणत्या अटीवर थांबला याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये असते. ती मेलमध्ये आणायला वेगळा माणूस लागत नाही. भोरच्या मुलाला ही दुसरी ओळ पहिल्या नकारासोबत मिळाली असती, तर दुसऱ्या अर्जात त्याने आपला जिग, आपलं ऑडिट, सगळं लिहिलं असतं.